भाऊंचा स्वेटर

शनिवार उजाडला की जव्हारच्या पेठेतले भाऊ स्वेटर घालतात. महिना कुठला हे विचारायचं नाही. मुंबईकडच्या गाड्या हनुमान पॉइंटकडे वळू लागल्या की ओट्यावर बसलेल्या भाऊंची बटणं गळ्यापर्यंत लागलेली असतात. कुणीतरी कधीतरी जव्हारला ‘ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर’ म्हणून ठेवलं, आणि महाबळेश्वरचा माणूस बनियनवर कसा बसेल? खरं तर जव्हारची उंची साडेचारशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर त्याच्या तिप्पट. मधली नऊशे मीटरची तूट भाऊ लोकरीनं भरून काढतात.

१ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा पेठेत कचेऱ्यांच्या, बदल्यांच्या गप्पा चालल्या होत्या. भाऊंना एकच घोर. “आता आपण कुठल्या जिल्ह्याचं महाबळेश्वर?”

“अहो, गाडी गेली. काढा ते, घामानं भिजलात,” वहिनी आतून ओरडतात. वहिनींना जगाच्या मताशी देणंघेणं नाही, आणि भाऊंच्या मताशी तर मुळीच नाही.

पर्यटक गेले आणि सोमवारी कॉलेजची पोरं वह्या घेऊन आली की भाऊ निराळे. स्वेटर खुंटीला. घरात दोन्ही वेळा भात, पण पोरांना सांगताना “आमचं सगळं आयुष्य नागलीच्या भाकरीवर.” वारली चित्रांवर बोलताना हवेत बोटानं त्रिकोण काढतात. पुढे गोष्ट येते ती जव्हार संस्थानाच्या स्थापनेची. मुकणे राजघराण्याच्या मूळपुरुषानं एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि होकार मिळताच त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून भला थोरला मुलूख वेढला, अशी ही आख्यायिका. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानानं त्या घराण्याला ‘निमशहा’ किताब दिला, हेही भाऊ न चुकता जोडतात. एकदा एका पोरीनं मध्येच सांगितलं, “काका, हीच गोष्ट कार्थेजच्या डिडो राणीचीही आहे.” दुसरा कुणी ओशाळला असता. भाऊंनी तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक टिपलं आणि म्हणाले, “हो तर! आपल्याकडची गोष्ट कुठवर गेली बघ.” तेव्हापासून डिडो त्यांच्या कथेत नात्यातली असल्यासारखी येते.

ह्या सगळ्याला खोटेपणा म्हणून मोकळं होता येत नाही. चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९०२ साली लिहून ठेवलंय की आपण दुसऱ्याला कसे दिसत असू याची कल्पना करतो, तो काय म्हणत असेल याची कल्पना करतो, आणि त्यावरून स्वतःचा अभिमान किंवा लाज वाटून घेतो. म्हणजे दोन्ही वेळा कल्पनाच, लाज तेवढी खरी. कूली मिशिगनचा प्राध्यापक. जव्हारला आला असता तर भाऊंनी त्याच्यासाठी काय घातलं असतं, देव जाणे.

भाऊंच्या लाजेला मात्र इतिहास आहे. १९९२ साली तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं गेली आणि जव्हार-मोखाड्याचं नाव महाराष्ट्राला तेवढ्या एका कारणासाठी पाठ झालं. पुढे कितीतरी वर्षं “कुठले तुम्ही?” असं ठाण्यात कुणी विचारलं की भाऊ “नाशिककडचे” म्हणायचे, आणि नाशकात “ठाण्याकडचे”. चुकून एका लग्नात खरं बोलले, तर पंगतीतला पाहुणा त्यांच्या पोटाकडे बघून म्हणाला, “जव्हारचे वाटत नाही हो!” भाऊंनी त्या पंगतीत जिलबी परत पाठवली. इथं माझं हसू जरा थांबतं. ज्यांची पोरं गेली, त्या पाड्यांवर कुणी मत विचारायला गेलं नव्हतं. लाज वाटली ती पेठेत ओट्यावर बसणाऱ्यांना.

असो. भाऊंवर सगळ्यात मोठा आघात झाला सनसेट पॉइंटवर. पुण्याच्या कुणा गृहस्थांनी सूर्यास्त पाहून गाडीत बसता बसता म्हटलं, “ठीक आहे.” एवढंच. भाऊंना रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकटेच पॉइंटवर गेले, लहानपणापासून पाहिलेला सूर्यास्त पुण्याच्या डोळ्यांनी पाहून आले आणि वहिनींना म्हणाले, “जरा घाईतच बुडतो गं.”

मोखाड्याच्या बोहाडा उत्सवातही तीच गत. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर देवादिकांचे मुखवटे नाचत येतात. सोंगं पिढ्यान्‌पिढ्या त्या त्या घराण्यात चालत आलेली. नाचणाऱ्याच्या अंगात सोंग भिनलेलं असतं, कोण बघतंय याची त्याला शुद्ध नसते. शुद्ध असते ती भाऊंना. सगळे मुखवट्यांकडे बघत असताना भाऊ मुंबईच्या पाहुण्यांकडे बघतात. पाहुण्यांनी मोबाइल वर केला की ह्यांची मान डोलते, पाहुण्यांना जांभई आली की हे संबळवाल्याला उगीच “जोरात रे!” म्हणतात.

मी त्यांच्यावर लिहितोय हे अजून सांगितलेलं नाही. विनोदी लिहितोय असं कळलं, तर ते मुद्दाम विनोदी वागायला लागतील आणि सगळाच घोटाळा होईल.

परवा एक मुलगा कॅमेरा घेऊन आला. त्याला म्हणे ‘खरा जव्हारी माणूस’ हवा होता. भाऊंनी आधी स्वेटर घातला, मग काढला, नागलीचा डबा पुढे आणला, जय विलास राजवाडा मागे दिसेल का म्हणून विचारलं. मुलगा कंटाळून म्हणाला, “काका, काही करू नका. तुम्ही नेहमी वागता तसं वागा.”

भाऊ गडबडले. क्षणभर विचार करून त्यांनी विचारलं,

“नेहमी म्हणजे… कुणासमोर?”