४८२ म्हणजे काय?

कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या वह्या चाळताना एक आकडा हमखास भेटतो: ४८२. शेजारी कायद्याचं नाव नाही, वर्ष नाही. मग हे कलम कशाचं? ३० जून २०२४पर्यंत वकिलांच्या तोंडी ४८२ म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेतले उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करून घेण्याचा रस्ता. १ जुलैला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ४८२ झालं अटकपूर्व जामिनाचं कलम. अंगभूत अधिकार गेले ५२८मध्ये. जुनी वही फेकूनही चालत नाही, कारण त्या तारखेआधी घडलेला गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेखालीच चालतो. ज्याने आकड्याशेजारी कायदा आणि वर्ष लिहिलं, त्याची वही आजही कामाची. बाकीच्यांची रद्दी.

मेहनतीत खोट नाही. निकाल शोधायला ही मुलं रात्री जागवतात. पण हाती लागलेलं जातं कुठे? मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटमध्ये, ग्रुपवर आलेल्या पीडीएफमध्ये, मूटच्या आदल्या रात्री उघडलेल्या डझनभर टॅबमध्ये. महिन्याभराने तोच निकाल पुन्हा पहिल्यापासून शोधायचा.

एका निकालाला अर्धं पान पुरतं. पक्षकारांची नावं आणि सायटेशन. कोणतं न्यायालय, कोणती तारीख, किती न्यायमूर्ती. प्रश्न काय होता, उत्तर काय मिळालं, कोणत्या परिच्छेदात. उतरवून घेतलेलं वाक्य बहुमताचं की विरोधी मताचं. आणि शेवटी, हा निकाल अजून उभा आहे का, हे कोणत्या तारखेला तपासलं.

यातली एकही ओळ गाळण्यासारखी नाही. सर्वोच्च न्यायालयात केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली १३ न्यायमूर्ती बसले होते आणि निकाल लागला ७ विरुद्ध ६. पीठाचा आकार नोंदला नसेल, तर लहान पीठाला हा निकाल का ओलांडता येत नाही, हे वही सांगणार नाही. एडीएम जबलपूर घ्या. आणीबाणीत, १९७६ साली, चार न्यायमूर्तींनी स्थानबद्ध नागरिकांसाठी कोर्टाचं दार बंद केलं. एकट्या न्या. एच. आर. खन्ना यांनी विरोधी मत लिहिलं. २०१७ साली पुट्टस्वामी निकालाने ते बहुमत मोडीत काढलं. एडीएम जबलपूरमधलं वाक्य कुणाचं हे न लिहिता उतरवलं, तर उद्या मेलेला कायदा कोर्टात वाचून दाखवाल.

निकाल स्वतः उघडून वाचला, हेही नोंदवा. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दाखल केले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर २०२३पासून फुकट आहेत. महागड्या डेटाबेसची सबब आता चालणार नाही.

कॉलेजांनाही एक सांगणं. बार कौन्सिलच्या नियमांनुसार मूट कोर्ट आणि इंटर्नशिपचा पेपर सक्तीचा आहे, त्यासाठी डायरी लिहावी लागते. कित्येक डायऱ्या सीनियरची जुनी डायरी समोर ठेवून परीक्षेच्या आठवड्यात भरल्या जातात. शिक्षकांनी ती दर पंधरवड्याला मागावी आणि तपासावी. युक्तिवादाला गुण देता, तसे संशोधनाच्या नोंदींनाही द्या.

कारण उद्या हीच मुलं काळा कोट घालून उभी राहतील. न्यायमूर्ती विचारतील, ‘परिच्छेद कोणता?’ त्यांच्या मागच्या बाकावर एखाद्या कोठडीतल्या मुलाची आई बसलेली असेल. उत्तर वहीत नसेल, तर त्याची किंमत ती मोजेल.

आज रात्री नवा निकाल शोधू नका. जुनी वही काढा आणि प्रत्येक ४८२पुढे कायदा आणि वर्ष लिहा.