साहेबांचा फोन

आपल्या शहरात माणूस आजारी पडला की घरात पहिली चर्चा डॉक्टरांची होत नाही. घाटीत, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात, कोण ओळखीचं आहे, याची होते. वॉर्डातले मामा चालतात, नगरसेवकाचा कार्यकर्ता चालतो, आणि आमदारांचा पीए सापडला तर पेशंट निम्मा बरा झाला असं धरतात. खासगी दवाखान्यातही तेच. बिल हातात पडलं की दरपत्रक कोणी मागत नाही. "साहेबांना सांगून कमी करून घेऊ."

वास्तविक २०२१च्या जानेवारीत राज्याने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले. तेव्हापासून खासगी रुग्णालयांनी दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं सक्तीचं आहे. आता ती कुंडीमागे लावली तरी भिंत दर्शनीच, नाही का! राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तर २०१८मध्येच सतरा हक्क मोजून दिले होते. औषध कुठल्या दुकानातून घ्यायचं हे पेशंटने ठरवायचं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं. बिलावरून वाद असला तरी पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवायचं नाही. केसपेपरचं म्हणाल तर, अर्ज केल्यावर ७२ तासांत नक्कल द्या, असं मेडिकल कौन्सिलचे नियम २००२पासून सांगताहेत. पण अर्ज करायला कागद लागतो, फोनला फक्त ओळख.

आणि ओळखीने मिळालेला बेड आभाळातून पडत नाही. तो जिंतूरहून आलेल्या, कोणीच ओळखीचं नसलेल्या बाईच्या वाट्याचा असतो.

ज्या साहेबांच्या ओळखीवर आपण विसंबतो, त्यांचा रुबाब कुठवर जातो, ते नांदेडने दाखवलं. ऑक्टोबर २०२३मध्ये तिथल्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाले. तेव्हाचे खासदार हेमंत पाटील आले आणि त्यांनी चक्क अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. कॅमेरे खूश. पुढे पाटलांवर गुन्हाही दाखल झाला. औषधखरेदीचा कारभार मुंबईत, झाडू मात्र नांदेडच्या डीनच्या हातात.

सनदेत रुग्णाच्या जबाबदाऱ्याही आहेत. त्या तर कुंडी हलवूनही कोणी वाचणार नाही. आजाराची माहिती खरी द्या, असं त्यात आहे. आपण डॉक्टरांना "कधीतरी एखादी पुडी" सांगतो आणि पुड्यांची माळ शर्टाच्या खिशात असते. इतर पेशंटना त्रास देऊ नका, असंही आहे. आपण एका खाटेभोवती आठ जण, त्यातला एक व्हिडिओ कॉलवर मामेभावाला सलाइन दाखवतोय. डॉक्टरांवर हात उचलू नका, हे तर सनदेच्याही आधी, २०१०च्या राज्याच्या कायद्यातच आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, शिवाय तोडफोडीची दुप्पट भरपाई. तरी निवासी डॉक्टरांना सुरक्षारक्षकांसाठी संप करावे लागतात. छत्तीस तास जागा असलेला पोरगा आपल्याला सापडतो. रिक्त पदांची फाईल दाबून बसलेला कोणी कॉलर धरायला सापडत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी खासगी दवाखान्यात पाय ठेवलात तर डिपॉझिट भरण्याआधी दरपत्रक मागा. दाखवलं नाही, तर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.