बेसावध माणसांच्या शोधात

रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचे तर त्यांना आपला पत्ता लागता कामा नये, असं या कलेतले सगळे थोर लोक सांगतात, आणि माझं घोडं तिथेच अडतं. कारण मी कुठेही शिरलो की आधी माझा गुडघा वाजतो, मग शिंक येते, आणि मग मी येतो. तरी हौस दांडगी. आंरी कार्तिये-ब्रेसाँ हा फ्रेंच माणूस म्हणे आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवून हिंडायचा, म्हणजे लोकांचं लक्ष जाऊ नये. हे वाचल्याबरोबर मी घरातली वायरिंगची काळी टेप काढली आणि कॅमेऱ्याला सढळ हातानं गुंडाळली. त्यात डोळा जवळ आला की मागचा पडदा बंद करणारा इवलासा सेन्सरही झाकला गेला, हे दादरच्या फुलबाजारात कळलं. खरं तर तिथेही कळलं नाही, घरी आल्यावर मुलानं सांगितलं. सकाळभर झेंडूच्या ढिगांतून मी तो काळा पडदा बघत हिंडत होतो आणि कॅमेऱ्याची समजूत अशी, की कोणीतरी डोळा लावून बसलंय.

कोणी नव्हतं.

मग पुण्याला तुळशीबागेत गेलो. एका बांगडीवाल्याला टिपायला बराच वेळ खांबाआड उभा राहिलो, तर तो मान वर न करता म्हणाला, "कुठल्या पेपरात येणार?" म्हटलं, कुठल्याच नाही. "मग काढताय कशाला?" याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. नाशिकला गोदाघाटावर दुसरी युक्ती केली. जाणकार म्हणतात, छिद्र एफ ८ वर ठेवा, अंतर तीन मीटरवर बांधून टाका, आणि माणूस त्या टप्प्यात आला की खटका दाबा. फोकस करण्यात वेळ जात नाही. उत्तम. फक्त मला अंतराचा अंदाज नाही. म्हणून घरी टेप लावून मोजलं, तर आमच्या सोफ्यापासून फ्रिजपर्यंत बरोबर तीन मीटर भरले, आणि रामकुंडावर मी समोरून येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूच्या जागी मनातल्या मनात फ्रिज ठेवून बघत होतो. माणसं सगळी धूसर आली. मागची देवळं मात्र स्वच्छ. कोल्हापुरात कॅमेरा डोळ्याला न लावता कमरेशी धरून काढायचं ठरवलं. एवढा मोठा महाद्वार रोड, एवढी गर्दी, आणि माझ्याकडे आली ती नुसती पोटं.

हताश होऊन बायकोला गॅरी विनोग्रँडची गोष्ट सांगितली. अमेरिकेतला मोठा रस्तेफिरा छायाचित्रकार. १९८४ मध्ये गेला तेव्हा त्याचे अडीचेक हजार रोल धुवायचेसुद्धा राहिले होते. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "शहाणा माणूस. न बघता गेला."

माझा मेव्हणा जव्हारकडे नोकरीला आहे. त्याचं म्हणणं पडलं, "दाजी, शहरातली माणसं कॅमेऱ्याला सरावलीत. आमच्याकडे या." जव्हारला मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा आहे, धुकं आहे, बोहाड्याचे मुखवटे आहेत, पण ते सगळे काढतात म्हणून मी बाणेदारपणे मेव्हण्याला घेऊन तिथून जामसर गाव गाठलं. अंगात पुष्कळ खिशांचं बिनबाह्यांचं जाकीट. या जाकिटामुळे माणूस छायाचित्रकार दिसतो, असा माझा समज होता.

जामसरला तसा समज कोणाचाच झाला नाही. टपरीवाल्यानं विचारलं, "मोजणीचे का?" दुसरा म्हणाला, लसीकरणाचे असतील. एका म्हाताऱ्यानं तर काही न विचारता माझं मनगट धरलं, घरामागे नेलं, अर्ध्या उठलेल्या भिंतीसमोर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "काढा. हप्ता अडकलाय." घरकुलाचं बांधकाम कुठवर आलं याचा फोटो वर गेला की पुढचा हप्ता सुटतो. मी सरकारी नाही, हे मी तीन प्रकारे सांगितलं. त्यानं तिन्ही वेळा समजुतीनं मान डोलावली आणि तसाच उभा राहिला. शेवटी काढला. मागे पोरांची ही मिरवणूक जमली होती, आणि त्या रस्त्यावर सगळ्यांना सगळ्यांचा ठावठिकाणा होता. बेसावध असा एकटा मीच.

गावाबाहेर माळावर बायका चर खणत होत्या. ऊन त्यांच्या पाठीमागून येत होतं, कुदळी वर उठत होत्या, धूळ सोनेरी झाली होती. असं दृश्य मला जन्मात पहिल्यांदाच दिसत होतं, आणि बॅटरीही शिल्लक होती. मी मोहाच्या झाडाआड दबकत गेलो, श्वास रोखला, आणि गुडघा वाजला.

"फोटोवाला आला!"

कुदळी खाली. पदर सारखे झाले, सावलीत टेकलेल्या दोघी धावत आल्या, पाण्याला गेलेलीला हाका गेल्या, आणि बघता बघता माझ्यासमोर एक सरळ रांग उभी राहिली, हात खाली, नजर समोर. रोजगार हमीचं काम. महाराष्ट्रानं ही योजना १९७२ च्या दुष्काळात उभी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला, पुढे ती देशभर पोचली. आणि १ जानेवारी २०२३ पासून अशा कामांवरची हजेरी मोबाइलच्या अ‍ॅपवरच लागू लागली, दिवसातून दोन फोटो, जागेच्या खुणेसकट. फोटोत नाही तो कामावर नाही. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजचा दर २९७ रुपये होता. माझ्या लेन्सच्या किमतीला त्यानं भागून बघावं असं मनात आलं, आणि मी ते गणित तिथेच सोडून दिलं.

"नको, नको," मी म्हटलं, "तुम्ही आपलं काम करा. मी इथे नाहीच असं समजा."

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. एक वयस्क बाई म्हणाली, "तुम्ही इथं नाही, तर आमची हजेरी कशी लागंल?"

मी सांगून पाहिलं, की मला सहज, नकळत काढलेला फोटो हवा आहे. बाईनं ऐकून घेतलं आणि मला खांद्याला धरून फिरवलं. "उन्हाकडं तोंड करून काय काढता? आमची तोंडं काळी येतील. पाठ करा उन्हाला. आता तीन पावलं मागं. कडेच्या दोघी बाहेर राहतात." फोटोग्राफीच्या वर्गात पैसे भरून मला जे कळलं नव्हतं ते तिला रोजच्या दोन फोटोंनी शिकवलं होतं.

तेवढ्यात हजेरीचा फोटो काढणारा खरा तरुण आला. त्यानं मोबाइल वर केला, खाली घेतला, आणि वैतागून म्हणाला, "साहेब, तुम्ही झाडामागे जा. मस्टरला नावं कमी अन् फोटोत मुंडकी जास्त, मी वर काय सांगू?" मी झाडामागे गेलो. त्यानं खटका दाबला, आणि कुदळी पुन्हा सुरू झाल्या. हे सगळं व्हायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही, आणि फोकसबद्दल तो चकार शब्द बोलला नाही.

निघताना त्याच बाईनं विचारलं, "मग तुमची हजेरी कोण घेतो?" म्हटलं, कोणी नाही, मी हौसेनं फिरतो. "अन् मजुरी?" म्हटलं, मिळत नाही, उलट खिशातलेच जातात. तिनं माझ्या जाकिटाच्या सगळ्या खिशांवरून एकदा नजर फिरवली, मागे वळून बाकीच्यांना आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं, आणि रांगेतली प्रत्येक बाई पोट धरून हसली. मेव्हण्याला ती बोली येते. तोही हसला. काय म्हणाली, ते तो मला अजून सांगत नाही. त्याच्या बहिणीला मात्र त्यानं त्याच रात्री फोन करून सांगितलं.