भरवणारी

भरवणारीचा भूक या गोष्टीवर विश्वास नसतो. भूक लागली म्हणून जेवणारा माणूस तिच्या लेखी कमनशिबी. त्याला वेळेवर कुणी भरवलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'पोट भरलं' हे वाक्य ती ऐकते, मान डोलावते आणि वाढते. अशी एक बाई प्रत्येक आळीत असते. आमच्या वाट्याची माहुलगावच्या कोळीवाड्यात राहते आणि सकाळी चेंबूरला मावरं घेऊन बसते. मावरं कसं शिजवायचं ते सांगून तिचं समाधान होत नाही, घरात कुणाला किती वाढायचं तेही ती बजावते. मी घाटावरचा, मटणावर पोसलेला. चिखलात टुणटुण उड्या मारणारी निवटी मी खाणार नाही, असं तिला एकदा ठणकावून सांगितलं होतं. आज मी निवट्यांचं आंबट मागून खातो. मधे काय घडलं ते मला नीटसं आठवत नाही.

तर गेल्या डिसेंबरात तिचा टोरोंटोचा नातू आला. वय साडेचार. त्याचा आहार असा: पांढरा पास्ता, वर काहीही नको. पांढरा ब्रेड, कडा कापून. चीज. आणि एका ठरावीक खोक्यातले चिकनचे तुकडे, ज्यांना चिकन म्हटलेलं चालत नाही. भाताचं शीत शेजारच्या पदार्थाला टेकलं की अख्खं ताट बाद.

सून तक्ता करून आली होती. पहिला आठवडा वरण-भात-तूप, दुसरा मेतकूट-भात, तिसऱ्यात बघू. दोन ते सहा वर्षांची मुलं अनोळखी पदार्थाला भितातच, तोच पदार्थ दहा-पंधरा वेळा न रागावता समोर ठेवावा लागतो, मग कुठे ती हात लावतात, असं तिने वाचलं होतं. हे खरंही आहे. सासूने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पंधरा वेला? तवर मावरं टिकल नं?"

शास्त्राचं आणि भरवणारीचं हे वैर जुनं आहे. 1920च्या दशकात अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरीणबाईंनी नुकतंच दूध सुटलेल्या बाळांपुढे बरेच साधे पदार्थ मांडले आणि हवं ते, हवं तेवढं खाऊ दिलं. बाळं मजेत वाढली. नर्सला मात्र सक्त ताकीद होती: चमचा धरून गप्प बसायचं, बाळाने हात पुढे केल्याशिवाय तो हलवायचा नाही आणि त्याने काय खाल्लं, काय नाही यावर चकार शब्द काढायचा नाही. आमच्या बाईला त्या नोकरीवरून पहिल्याच घासाला काढलं असतं.

पहिला डाव चिंबोरीचा. तो फसला, कारण कालवणाआधी चिंबोरी जिवंत होती. पोराने तिच्याशी तासभर गप्पा मारल्या आणि नंतर ती टोपात दिसल्यावर जो हंबरडा फोडला तो जेट्टीपर्यंत ऐकू गेला. मग निदानं सुरू झाली. नजर लागलीय. विमानातलं वारं बाधलंय. पाणी बदललंय. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. पोराला मुळात भूक नसेल, असं सुचवायला मी तोंड उघडलं, तर त्यात भाकरीचा तुकडा आला.

सुनेची अवस्था मात्र बघवत नव्हती. वाटी घेऊन ओटी ते गच्ची, गच्ची ते जेट्टी. समोर शिवडीपर्यंत पसरलेल्या चिखलात फ्लेमिंगो उतरले होते. त्यांच्याकडे बोट दाखवून मी तिला ऐकीव माहिती दिली: हा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो, पिल्लू करडंच असतं, आणि पिल्लाला घशातलं लाल दूध भरवता भरवता आई-बाप स्वतः फिके पडत जातात. "बाप पण भरवतो?" तिने विचारलं. तिचा नवरा आत क्रिकेट बघत होता.

भरवणारी तोवर खोक्यातले तुकडे निरखत बसली होती. "पांढरंच खातो नं?" ती म्हणाली. "मंग बोंबील कुटं काला हाय?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. तिने ताजे बोंबील साफ केले, मधे चिरून पुस्तकासारखे उघडले, फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवला आणि त्यांचं पाणी निघेस्तोवर बसून राहिली. मीठ लावलं. मग सवयीने हात मसाल्याच्या बरणीकडे गेला आणि वरच्यावर थांबला. साठी ओलांडलेल्या त्या बाईला मी इतकं हतबल कधी पाहिलं नव्हतं. नुसत्या तांदळाच्या पिठात घोळवलेले ते बिनमसाल्याचे बोंबील तिने दार लोटून तळले. शेजारणीने पाहिलं असतं तर अब्रू गेली असती. पोराने एक खाल्ला, मग दुसरा. तिसऱ्याला सुनेने फोटो काढला. पाठोपाठ तांदळाची भाकरी गेली, तीही पांढरी. तक्त्यात यातलं काहीच नव्हतं.

पण भरवणारीला यश पचत नाही. मसाल्याशिवाय खाणं म्हणजे तिच्या मते नुसतं चावणं. त्याच संध्याकाळी गच्चीवर, तिखटजाळ जवला भाताच्या एवढ्याएवढ्या गोळ्यांत लपवून, तिने पिढीजात शस्त्र काढलं. "हा काऊचा." काऊ होताच, कोळीवाड्यात कावळ्यांना तोटा नाही. "हा चिमनीचा." चिमणी काही दिसेना. पोराला मात्र हा शब्द ठाऊक होता, त्याच्या भाषेतला. नाताळबाबा उतरतो ती. तो गर्रकन वळला आणि रिफायनरीच्या जाळ ओकणाऱ्या धुराड्याकडे बोट करून आनंदाने किंचाळला, "चिमनी!"

1954-55 साली स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल इथे आल्या, म्हणजे आताच्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम, तेव्हा आमची बाई जन्मलीही नव्हती. तिने हा जाळ आयुष्यभर पाहिलाय. तो कुणाला भरवायच्या कामी येईल, हे तिलाही कधी सुचलं नसावं. पण ती क्षणभरही अडखळली नाही. "व्हय, तीच. बग कशी पेटलेय. जवला खाल्लाय तिनी. तिखट लागलाय."

तेवढ्यात वारा आला आणि जाळ भडकला. पोराने जाळाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. "मी पण," तो म्हणाला. घास गेला. कान लाल, नाक वाहतंय, डोळ्यांत पाणी, आणि गडी लांब जीभ काढून चिमणीला दाखवतोय! सून पाणी आणायला धावली. भरवणारीने तिला हातानेच थांबवलं आणि दुसरा घास वळला.

जानेवारीत ती मंडळी परतली. सुनेच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमधून कोळी मसाल्याच्या चार पुड्या निघाल्याचं नंतर कळलं. फेब्रुवारीत एका रविवारी मी पैसे द्यायला गेलो होतो. इथले रात्रीचे साडेनऊ, तिथले सकाळचे अकरा. पोरगा रुसून बसलाय, ब्रेडशिवाय काही नको म्हणतोय, अशी तक्रार फोनवर आली. बाई फोन घेऊन तडक गच्चीवर, मागे मी. पण त्या रात्री नेमका जाळ दिसत नव्हता. काळं आभाळ आणि काळं धुराडं. पोराने पडद्यावर डोळे बारीक करून विचारलं, चिमनी कुठंय?

"उपाशी हाय बाला," ती म्हणाली. "तुजी वाट बगते. तू खा, मंग ती पेटल."

आणि फोन तसाच अंधारात धरून, दुसऱ्या हाताने तिने माझ्याकडे ताटली सरकवली. माझं जेवण झालं होतं.