स्वमत लिहा (गुण 5)

पानिपतावर मराठे का हरले, हे महाराष्ट्रात कुणालाही झोपेतून उठवून विचारा. उत्तर चहाच्या टपरीवर मिळतं, लग्नाच्या पंगतीत मिळतं, एसटीत शेजारी बसलेल्याकडून तर न मागता मिळतं. सदाशिवरावभाऊंनी बायकापोरं आणि यात्रेकरू बरोबर नेले, सूरजमल जाटाचा सल्ला धुडकावला आणि विश्वासराव पडताच हत्तीवरून खाली उतरले. झालं! सांगणाऱ्याला घरच्या गॅसचा नंबर वेळेवर लावणं जमत नाही, पण भाऊंनी रसद कशी राखायला हवी होती हे त्याला तोंडपाठ असतं.

अशा राज्यात एका बाईंनी सातवीच्या वर्गात भलतंच धाडस केलं. फळ्यावर यमुना काढली. वर कुंजपुरा, खाली दिल्ली, मध्ये बागपत. म्हणाल्या, "14 जानेवारी 1761 अजून उजाडायचाय. आता ऑक्टोबर 1760 चालू आहे. कुंजपुरा तुम्ही नुकताच जिंकलाय आणि अब्दाली बागपतजवळ नदी उतरून तुमच्या न् दिल्लीच्या मध्ये आलाय. भाऊंना आज एवढंच माहीत आहे. बोला, काय कराल?"

वर्ग पेटला. एका मुलीने विचारलं, "नदीच्या उतारांवर पहारा का नव्हता?" दुसरा म्हणाला, "अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, त्याला भाऊ काय करणार?" मागच्या बाकावरच्याने तर कळसच केला. "बाई, त्याच डिसेंबरात नानासाहेब पेशवे पैठणला नवं लग्न लावत होते ना? मग पुण्याची कुमक कुठे होती?" बाई हसल्या आणि पुढचा प्रश्न टाकला, "हे सगळं आपल्याला सांगितलं कुणी? काशिराज पंडित शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे समोरच्या गोटात. नाना फडणीस रणातून जीव वाचवून परतलेले. कुणाला काय दिसलं असेल आणि काय झाकावंसं वाटलं असेल?"

संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरं पानिपत झालं. इथे पुराव्याची गरज नव्हती, आडनावं पुरेशी होती. मल्हारराव होळकर रणातून का निघाले, या प्रश्नावर एका पालकांनी पुरावा म्हणून स्वतःचं गाव सांगितलं. दुसऱ्यांनी पानिपतावरच्या सिनेमातली क्लिप टाकली. 2019 साली तो सिनेमा आला तेव्हा सूरजमलच्या चित्रणावरून राजस्थानात निदर्शनं झाली होती. आपल्याकडे निदान अंगठ्यांवर भागलं. भावना मात्र सर्वपक्षीय दुखावल्या.

मुख्याध्यापकांनी तातडीने तह केला. बाईंना 'अभ्यासक्रमाबाहेर जाऊ नये' अशी समज आणि मुलांना गाइड. गाइडात प्रश्न होता : 'भाऊसाहेबांच्या नेतृत्वाबद्दल स्वमत लिहा.' खाली स्वमत छापून तयार होतं. भाऊसाहेब शूर होते, परंतु हट्टी होते, तरीही देशासाठी लढले. वर्गातल्या सगळ्या मुलांना हेच स्वतःचं मत एकाच वेळी सुचलं, स्वल्पविरामासकट. सगळ्यांना पैकीच्या पैकी. नदीच्या पहाऱ्याबद्दल विचारणाऱ्या मुलीने मात्र उत्तरात 'हे काशिराज म्हणतो, पण तो शत्रूच्या छावणीत होता' असं लिहिलं. तिचे दोन गुण कापले. शेरा : मुद्दा सोडून लिहिले.

फेब्रुवारी 1760 मध्ये उदगीरला निजामाला नमवणारे भाऊ आणि वर्षभराच्या आत पानिपतावर पडलेले भाऊ हा एकच माणूस होता. वय वर्षं तीस. उदगीरच्या भाऊंना मुजरा आणि पानिपतच्या भाऊंना फाशी, हा न्याय नव्हे. निकाल बघून केलेला पंचनामा आहे. सेनापतीला तोलायचं तर त्याला त्या दिवशी काय ठाऊक होतं, काय ठाऊक करून घेता आलं असतं आणि आपल्याला हे सांगणारा कुणाच्या पदरी होता, हे आधी विचारावं लागतं. त्यानंतर भाऊंना खुशाल दोषी ठरवा.

तेव्हा पालकहो, पोराच्या वहीत तुमच्या मताविरुद्ध उत्तर दिसलं, तर शाळेत धाव घेण्याआधी खाली पुरावा लिहिलाय का ते बघा. असेल तर पोर इतिहास शिकतंय. त्याला शिकू द्या.