जर्मनीत भौतिकशास्त्र शिकू इच्छिणाऱ्यांसाठी सूचनापत्र

ज्या उमेदवाराला बारावीच्या फिजिक्समध्ये पैकीच्या पैकी पडले आणि त्यामुळे आपल्याला फिजिक्स येते असा ज्याचा समज झाला, त्याच्यासाठी या सूचना आहेत. इतरांनी वाचल्या तरी चालतील. त्यांना धक्का कमी बसेल.

कागदपत्रांची फार धास्ती घेऊ नये, ती जमतात. नुसत्या बारावीवर जर्मन विद्यापीठ सहसा थेट आत घेत नाही. एक वर्ष इथल्या कॉलेजात काढावे, जेईई ॲडव्हान्स्ड पार करावी, नाहीतर तिकडच्या श्टुडिएनकोलेगमध्ये पुन्हा वर्षभर बारावी केल्यासारखे करावे. बॅचलरचे शिक्षण बहुतेक ठिकाणी जर्मनमधून असते, तेव्हा मॅक्स म्युलर भवनाच्या किंवा रानडे इन्स्टिट्यूटच्या पायऱ्या झिजवणे आलेच. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा) आणि तेच आपल्याला दरमहा ९९२ च्या हप्त्याने परत मिळतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे ऐकून वडील खूश होतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो पडतात, हे त्यांना अर्ज भरून झाल्यावर सांगावे.

पहिला धोका स्वातंत्र्याचा. व्याख्यानाला हजेरी नाही. पंचाहत्तर टक्क्यांची अट नाही, डिफॉल्टर लिस्ट नाही, घरी फोन नाही. वेळापत्रकात दहाच्या पुढे ‘सी. टी.’ लिहिले असेल तर व्याख्यान सव्वादहाला सुरू होते. हा उशीर नव्हे, जुनी परंपरा आहे. मात्र सव्वादहा म्हणजे सव्वादहाच. प्राध्यापक येतात, वरखाली सरकणारे फळे एकामागून एक भरतात, पुसतात, पुन्हा भरतात. संपले की सगळा वर्ग मुठीने बाके ठोकतो. याला निषेध समजून दाराकडे धावू नये. टाळ्यांऐवजी ही पद्धत आहे. आपणही ठोकावे. काही समजले नसेल तर जरा जोरात.

कुणी काही विचारत नाही म्हणजे कुणाला काही नको आहे, असा अर्थ काढून आपल्याकडची हुशार मुले ऑक्टोबर मजेत घालवतात. नोव्हेंबरात त्यांना कळते की खरा कारभार यूबुंग्सब्लाटच्या हातात आहे. दर आठवड्याला प्रत्येक विषयाचा एक कागद, त्यावर तीन-चार गणिते आणि द्यायची मुदत ठरलेली. प्रायोगिक फिजिक्सचा वेगळा, ॲनालिसिसचा वेगळा, लिनियर अल्जेब्राचा वेगळा, पुढे थिअरीचाही. बऱ्याच ठिकाणी सत्रभरात निम्मे गुण जमले नाहीत तर लेखी परीक्षेलाच बसता येत नाही. तेव्हा हे साप्ताहिक व्रत समजावे आणि घेतला वसा टाकू नये.

व्रताचा विधी असा. कागद हाती आला त्या दिवशी वाचावा आणि ‘सोपा दिसतोय’ म्हणून बाजूला ठेवावा. दोन दिवसांनी पुन्हा वाचावा. ‘दाखवा की’ने सुरू होणारी ओळ सर्वांत घातक, उत्तर तिथेच छापलेले असते, त्यामुळे गाइडच्या शेवटच्या पानाचा आधारही जातो. ‘हे उघडच आहे’ असे शब्द आपल्या उत्तरात वापरू नयेत, तो हक्क प्राध्यापकांचा. आपण वापरले तर ट्यूटर, म्हणजे आपल्याच विभागातला दोन-तीन वर्षे पुढचा पोरगा, समासात ‘का?’ एवढेच लिहितो आणि दोन गुण कापतो. कागद पुष्कळदा दोघातिघांनी मिळून द्यायचा असतो. सोबती निवडताना एक असा घ्यावा ज्याचे अक्षर वाचता येते, आणि एक असा ज्याला वेळेवर भूक लागते, नाहीतर वादात मेन्झा, म्हणजे विद्यापीठाची खानावळ, बंद होते.

गणिताच्या वर्गाबद्दल एक इशारा. बारावीपर्यंत आपण इंटिग्रेशन सटासट करत आलो; इथे सुरुवातीचे काही आठवडे वास्तव संख्या आहेत की नाहीत यावर जातात. घाबरू नये, असतात.

पाठ्यपुस्तके, म्हणजे डेमट्रोएडरचे चार खंड आणि नोल्टिंगची मालिका, विकत घेऊ नयेत. ग्रंथालयात मिळतात. विकत घेतल्याने विषय अंगात भिनल्याचा भास होतो, तो महागात पडतो.

प्रयोगशाळेत शिरताना आजवरचा सगळा अनुभव चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावा. आपल्याकडे लंबकाचा प्रयोग उत्तराकडून सुरू होतो: ९.८ यायला हवे, तेव्हा रीडिंग मागे मागे जुळवत जायचे. तिथे नेमके ९.८१ काढून दाखवले की तपासणारा पेन खाली ठेवून आपल्याकडे बघत राहतो. ९.६ आले आणि त्यापुढे ‘अधिक-उणे ०.३’ असे सकारण लिहिले, तर तो आनंदाने सही करतो. मात्र ‘९.६०७३४ अधिक-उणे ०.३’ असे लिहिल्यास अख्खा अहवाल लाल होऊन परत येतो. कॅल्क्युलेटरने दिले ते सगळे वाटून टाकण्याचा दिलदारपणा तिथे चालत नाही. (जाता जाता: गुरुत्वत्वरणाचा हा आकडा मुंबईत ९.७९ च्या जवळ असतो, जर्मनीत ९.८१ च्या. इथला स्प्रिंगचा काटा बॅगेत टाकून नेलात, तर सत्तर किलोचा माणूस तिथे उतरल्या उतरल्या दीडशे-दोनशे ग्रॅमने जास्त भरतो. बाकीची वाढ बटाट्यांची.)

उपकरण बिघडले तर खचू नये, थिअरीकडे कल असल्याचे ते लक्षण आहे. थिअरीवाले वोल्फगांग पाउली नुसते खोलीत आले तरी यंत्रे बंद पडतात अशी त्यांची ख्याती होती, आणि हॅम्बुर्गला ओटो स्टर्न यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत यायला मनाई केली होती म्हणतात. दोघांनाही पुढे नोबेल मिळाले. आपण काचसामान फोडल्यास फॉर्म भरावा.

परीक्षेसाठी नाव मुदतीत ऑनलाइन नोंदवावे लागते. विसरलात तर सगळे येत असूनही बसता येत नाही, आणि आठवण कुणी करत नाही. एका पेपराला साधारणपणे तीन संधी असतात. तिसरीही गेली तर तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे जाऊनही करता येत नाही, तेव्हा नवस तिसऱ्या खेपेसाठी राखून ठेवू नयेत.

तोंडी परीक्षेआधी फाखशाफ्टमध्ये, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी मंडळात, चक्कर मारावी. आधीच्यांनी लिहून ठेवलेली प्रश्नोत्तरे तिथे मिळतात आणि कोणत्या प्राध्यापकाचा कोणता प्रश्न लाडका ते कळते. जुलै १९२३ मध्ये म्युनिकला डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेला बसलेल्या वेर्नर हायझेनबर्ग यांनी ही चक्कर मारलेली दिसत नाही. विल्हेल्म वीन यांनी सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता विचारली, येईना. दुर्बिणीची विचारली, येईना. बॅटरी कशी चालते? तेही येईना. वीन नापास करायला निघाले होते. मार्गदर्शक झोमरफेल्ड यांच्यामुळे निभावले आणि तिसऱ्या श्रेणीवर सुटका झाली. चार वर्षांनी हायझेनबर्ग यांनी अनिश्चिततेचे तत्त्व मांडले आणि समजावायला उदाहरण घेतले ते सूक्ष्मदर्शकाचेच. त्यातही विभेदनक्षमतेचा मुद्दा कच्चा राहिला होता, तो नील्स बोर यांनी दाखवून दिला. ट्यूटरशी गुणांवरून घासाघीस करताना हा किस्सा सांगू नये. सगळ्यांचा सांगून झालेला आहे.

आता निकाल घरी कळवण्याबद्दल. तिथे १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. ‘एक पॉइंट तीन मिळाले’ म्हटले की आई ‘कितीपैकी?’ विचारते आणि बाबा फोन स्पीकरवर टाकतात. परदेशी गुण जर्मन श्रेणीत बसवायला तिकडची विद्यापीठे ‘बव्हेरियन सूत्र’ वापरतात, ते आपण उलटे चालवावे. शंभरापैकी चाळीसला पास धरले, तर १.३ म्हणजे ९४ टक्के. २.० म्हणजे ८०. २.७ म्हणजे ६६, अजूनही फर्स्ट क्लास. ४.० ला मात्र सूत्र लावू नये. ‘पास झालो, इकडे टक्के सांगायची पद्धत नाही’ असे म्हणावे, आणि लगेच आजीच्या गुडघ्यांची चौकशी करावी.