चौफुल्याची ओढ

पुण्याहून मामांकडे मांडवगण फराट्याला जायचं, तर सोलापूर रस्त्यानं चौफुल्यापर्यंत यायचं आणि तिथं डावीकडे वळायचं. आमची गाडी यवतपासूनच वळायला लागली. स्टिअरिंग सरळ धरलं तर हातात वळवळायचं, पकड सैल केली तर डाव्या शिवारात शिरू बघायचं. पंधरा वर्षांत या गाडीनं स्वतःचं मत कधी मांडलं नव्हतं.

चौफुला संगीतबारीसाठी प्रसिद्ध. हे महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत असतं, आणि सगळ्यांना फक्त ऐकून माहीत असतं. नेमकी डाव्या हाताला एका कलाकेंद्राची पाटी आली आणि गाडीनं तिकडे ओढ घेतली.

"हे काय?" बायकोनं विचारलं.

"गाडी ओढतेय."

"गाडी?"

पुढे केडगाव आलं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव. तिथं स्टिअरिंग गरीब गाईसारखं शांत. "इथं नाही ओढत," एवढंच बायको म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

पारगावला भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. गळिताचा हंगाम होता. समोरून ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांबाहेर हातभर लोंबणारा ऊस आणि रस्त्याच्या रुंदीपेक्षा मोठं गाणं. मी ब्रेक लावायच्या आत गाडी आपण होऊन साइडपट्टीवर उतरली. इतक्या तत्परतेनं बाजू देणारा पुणेकर त्या ड्रायव्हरनं प्रथमच पाहिला असावा. त्यानं मला हात केला.

गावाच्या नावातला फराटा हा फराटे मंडळींचा. मामींच्या रांगोळीवरून माझ्या टायरनं ओढला, तो दुसरा.

पुण्यातल्या एका गॅरेजला फोन लावला. "सेन्सर गेलाय. अख्खा कॉलम बदलावा लागेल," तिकडून उत्तर आलं. आकडा ऐकून मी विचारलं, "यात गाडीही धरलीय का?" त्यावर फोन बंद झाला.

"उघड की मग," मामा म्हणाले. ज्यांनी विहिरीवरची मोटर आणि ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स बाभळीखाली बसून उघडलाय, त्यांना न उघडणारी वस्तू जगात ठाऊक नाही.

मी त्यांना समजावलं. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते. चाक फिरवलं की तिला किंचित पीळ पडतो. सेन्सर तो पीळ मोजतो, संगणकाला कळवतो आणि मोटर त्या मानानं जोर लावते. आमचा सेन्सर पीळ नसतानाही पीळ कळवत होता.

"म्हणजे भावकीतला दिसतोय," मामा म्हणाले. मग त्यांना इनामगाव आठवलं. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. मामा तेव्हा पोरसवदा, घमेली वाहायला जायचे. "मातीचा बैल निघाला न्हवं का तितं! त्याच्या पाठीत भोक, देवीच्या मूर्तीच्या पोटात भोक. मधी काडी घालायची की देवी बैलावर बसली. तीन हजार वर्सांमागं. तुझी सळई मंजी तीच काडी."

मोटर वाइंडिंगवाल्याकडून मल्टिमीटर आणला. आमच्या सेन्सरच्या दोन तारा. एकीचा दाब चढला की दुसरीचा उतरतो. चाक मोकळं सोडलं की दोन्हीकडे अडीच व्होल्ट हवेत. इथं आकडे कुंपणावरच्या चिमण्यांसारखे उड्या मारत होते.

मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि स्वस्थ बसलो.

"कशाची वाट बघतूस?"

"एअरबॅगची, मामा. वीज पूर्ण उतरू द्यावी लागते, नाहीतर फुटू शकते."

मामा दहा फूट मागे सरले. पुढचं सगळं मार्गदर्शन तिथूनच झालं.

सेन्सर उघडला. आत कार्बनचे काळे पट्टे आणि त्यांवरून सरकणारी तारेची इवलीशी बोटं. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतं, अगदी तेच. पट्ट्यांच्या दोन्ही कडा कोऱ्या करकरीत. झिजला होता तो फक्त मधला भाग. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून बोटं मध्यावरच घासत राहतात.

"सरळ चालनाराचीच झीज हुती बघ," मामा लांबून म्हणाले. हे त्यांनी तीन वेळा सरपंचकीला पडल्यावर मिळवलेलं ज्ञान होतं.

"मर्फी खरखरला की आमी बोट जरा बाजूला सरकवायचो," त्यांनी पुढचा उपाय सांगितला. काँटॅक्ट क्लीनरनं पट्टे पुसले आणि चिमट्यानं तारेची बोटं केसभर वाकवून कोऱ्या जागेवर आणली. जोडल्यावर मीटर बघितला. दोन्हीकडे अडीच. चिमण्या बसल्या.

"अंधार पडायच्या आत फिरवून आन. उसात बिबट्या हाय," मामींनी बजावलं. वाघेश्वराच्या देवळापर्यंत रिकाम्या रस्त्यानं बैलगाडीच्या चालीनं गेलो, आलो. वाटेत पकड जरा सैल केली, तरी गाडी आपली सरळ.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. पारगाव झालं, केडगाव झालं. चौफुल्याला उजवीकडे वळून पुण्याच्या रस्त्याला लागलो. पाटी आता उजव्या हाताला होती. स्टिअरिंग तसूभर हललं नाही.

"म्हणजे खरंच सेन्सर होता तर," बायको म्हणाली. लग्नानंतर पंचवीस वर्षांनी मिळालेलं ते निर्दोषत्वाचं पहिलं प्रमाणपत्र.

पण माझी मान उजवीकडे वळली होती. इतकी वर्षं सरळ बघून मधला पट्टा झिजला असणार, दुसरं काय!